सावनेर अजून आलं नाही

माझं अक्षर चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. साहेब बदलले, टेबलं बदलली, पण 'टिपण मधुसूदनकडून लिहून घ्या' हे वाक्य काही बदललं नाही. कागदावर आलं ते खरं आणि तोंडी बोललं ते वारं, अशी माझी त्या चौतीस वर्षांत पक्की समजूत झाली. त्या समजुतीपायी एका माणसाचं मी काय केलं, ते आता लिहितो आहे. तेही कागदावरच, कारण मला दुसरं काही येत नाही.

त्या माणसाचं नाव महादेवराव. खिडक्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. खिडक्या म्हणजे तुमच्या-आमच्या घरच्या नाहीत. वर-खाली सरकणाऱ्या.

धरमपेठेत आमचं एक लहानसं वाचनालय आहे, मी त्याच्या कमिटीवर आहे. मूळचा तो एका वकिलाचा बंगला. वकील हौशी होता. त्याने बंगला बांधताना विलायती पद्धतीच्या चौदा खिडक्या बसवून घेतल्या. प्रत्येक खिडकीला काचेचे दोन जड पल्ले, एकाच्या मागे एक. चौकटीच्या दोन्ही अंगांना खाच, खाचेत बोटाएवढ्या जाडीची नळी, नळीत स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या पोटात पिळलेली लोखंडी पट्टी. पल्ला वर ढकलला की ती स्प्रिंग त्याचं वजन स्वतः पेलते. दहा-बारा किलोचा पल्ला एका बोटाने वर जातो आणि जिथे सोडाल तिथे उभा राहतो. ना खुंटी, ना टेकू. मे महिन्यात संध्याकाळी वरचा पल्ला हातभर खाली आणि खालचा हातभर वर केला की वरून गरम हवा बाहेर पडते, खालून गार आत येते. आमच्या हॉलमध्ये स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर मान मोडून बसतात, ती या खिडक्यांच्या जिवावर. कूलर आहे, पण कूलरसमोरच्या चार खुर्च्यांसाठी रोज भांडणं होतात.

या खिडकीची सगळी गोम एकाच गोष्टीत आहे. पल्ल्याला जोडण्याआधी त्या पट्टीला लोखंडी हुकाने धरून किती वेढे द्यायचे, यात. कमी दिले तर पल्ला खाली येतो. जास्त दिले तर वर जाऊन बसतो आणि खाली यायचं नाव घेत नाही. आणि प्रत्येक खिडकीचे वेढे वेगळे, कारण कुठे काच जाड, कुठे लाकूड बदललेलं. चौदा खिडक्यांचे चौदा हिशेब महादेवरावांच्या डोक्यात होते. बावीस वर्षं दर महाशिवरात्रीनंतर, उन्हाळा लागायच्या आत, ते यायचे, एकेक नळी उतरवायचे, पुसायचे, तेल द्यायचे आणि परत चढवायचे. वेढे देताना ओठ हलायचे. मला वाटायचं जप करतात.

काम झालं की त्यांची एक रीत होती. पल्ला छातीएवढा वर करायचे, दोन्ही हातांचे पंजे खालच्या चौकटीवर, बरोबर पल्ल्याच्या खाली, सपाट ठेवायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "मोजा साहेब, शंभर."

मी शंभर मोजायचो. सुरुवातीला घाईघाईने मोजायचो, कारण माझाच जीव वर-खाली व्हायचा. पुढे सवय झाली. एकदा कमिटीतल्या कोणी तरी कामाची गॅरंटी लेखी मागितली, तेव्हा त्यांनी दोन्ही पंजे पुढे करून दाखवले. "हे घ्या. याहून मोठी कोणती पाह्यजे?" आमची चहा करणारी बाई या प्रकाराला इतकी भ्यायची की त्या वेळी ती मागच्या दाराने निघून जायची.

महादेवराव केळोदच्या पलीकडच्या एका गावचे. घर शेतकऱ्याचं, भाऊ तीन, आणि हे धाकटे. सोळाव्या वर्षी त्यांना शहरात, इतवारीला, मामाकडे धाडलं आणि मामाने एका म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली लावलं. या वस्तादांची हयात रेल्वेच्या डब्यांच्या खिडक्या करण्यात गेलेली आणि उतारवयात ते सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांच्या खिडक्या बघायचे. महादेवरावांनी त्यांच्याकडून सगळं उचललं. पुढे लग्न झालं, प्रताप नगरात दोन खोल्या घेतल्या, मुलगी झाली, तिचं लग्न केलं. बंगले पडत गेले, फ्लॅट उभे राहिले, खिडक्या आडव्या सरकू लागल्या. शेवटी शेवटी तर आमच्या चौदा आणि एका शाळेच्या तीन, एवढंच काम उरलं होतं. बाकीच्या दिवसांत ते दारांच्या कड्या आणि कपाटांची कुलपं करायचे, पण स्वतःला खिडकीवालेच म्हणवायचे.

बायको गोपिका गेल्यावर ते एकटे राहू लागले. आणि मग विसरायला लागले.

आधी किल्ली, चष्मा. यात नवल नाही, चष्मा मीही विसरतो. पण एकदा दूध आणायला निघालेले महादेवराव घराकडे परत यायचा रस्ताच विसरून तीन तास प्रताप नगरात फिरत राहिले. नातवाचं नाव आठवेना, म्हणून त्याला नुसतंच 'बाप्पू' म्हणू लागले. मुलगी मिनल शहराच्या टोकाला, बेसाला राहते, औषधांच्या दुकानात काम करते. तिने डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिने मला फोनवर सांगितलं: विसरण्याचाच आजार आहे, वाढत जाणार.

महादेवरावांनी स्वतः मला सांगितलं ते असं: "साहेब, डोस्क्यातून एकेक गोष्ट जाऊन राहिली. सकाळी काय खाल्लं ते दुपारी येत नाई. पण खिडक्या हायेत. एक ते चौदा, सगळ्या हायेत. रोज झोपाच्या आधी म्हणून पाहतो. त्या जोवर हायेत तोवर मी हाय. त्या गेल्या का मंग मिनलनं मले कुठंबी नेऊन ठेवावं."

मी म्हणालो, "काही होत नाही हो." दुसरं काय म्हणणार.

मागच्या वर्षी आमच्या वाचनालयाला नवा सेक्रेटरी मिळाला. अपूर्व नावाचा, चाळिशीतला, हुशार पोरगा. वाईट नाही, पण त्याला सगळं मोबाइलवर दिसावं लागतं. त्याने कमिटीत विचारलं, "काका, ह्या खिडक्या एकच माणूस दुरुस्त करू शकतो आणि तो माणूस आजारी आहे. उद्या तो आलाच नाही तर? सरळ काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग लावू. पुढेमागे एसी बसवता येईल."

मला राग आला. मला राग लवकर येतो, घरचे सांगतील. मी उभा राहून म्हणालो, "माणूस आजारी असेल, पण कागद आजारी पडत नाही. चौदा खिडक्यांची सगळी माहिती मी लिहून काढतो. मग कोणीही सुतार ते वाचून काम करील. मार्चमधल्या सभेत महादेवरावांकडून एक खिडकी तुमच्यासमोर लावून दाखवतो. माझ्या वहीप्रमाणे." अपूर्व म्हणाला, बरं, खिडकी नीट लागली तर स्लायडिंगचा विषय बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे कोणाला तरी तेव्हा सुचायला हवं होतं.

मी नवी दोनशे पानी वही घेतली, वर लाल शाईने शीर्षक घातलं आणि महादेवरावांना समोर बसवलं. म्हटलं, "सांगा. एक नंबर, किती वेढे?"

ते गोंधळले. "आकडा मले येत नाई साहेब. मले गाव येते."

मग उलगडा झाला. वस्तादांनी आकड्यांतच शिकवलं होतं, पण मधेच कोणी हाक मारली की पाच झाले का सहा ते विसरायचे आणि वस्तादांची टपली खायचे. तेव्हा दर शनिवारी ते इतवारीहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीने घरी जात. त्या वाटेवरची गावं काही केल्या विसरायला होत नव्हती. म्हणून त्यांनी वेढे गावांवर बसवले. इतवारी सोडल्यावर पहिलं गाव आलं की पहिला वेढा, आणि पुढे गाव येईल तसा एकेक. कोणती खिडकी कोणत्या गावापर्यंत न्यायची, तेवढंच लक्षात ठेवायचं.

"म्हणजे ओठ हलतात तो जप नाही?"

"जपच हाय तो," ते म्हणाले. "घरी जायाचा."

मग त्यांनी भराभर सांगितलं. एक नंबर पाटणसावंगी. दोन सावनेर. तीन पाटणसावंगी. चार केळोद. एकदाही अडखळले नाहीत. नऊ नंबरला आल्यावर जरा हसले. "नऊ सावनेर. गोपिकाचं माहेर. ते कसं इसरीन?" मी चौदा गावं चौदा ओळींत लिहिली. सुंदर पान झालं.

पण 'सावनेर' वाचून उद्याच्या सुताराला काय कळणार? आकडा हवा. मी घरी येऊन मोबाइल उघडला, त्या लाइनवरच्या एका गाडीचं वेळापत्रक काढलं आणि ती इतवारीनंतर जिथे जिथे थांबते ती गावं मोजली. कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळोद. म्हणजे पाटणसावंगी तीन, सावनेर चार, केळोद पाच. प्रत्येक ओळीपुढे आकडा घातला आणि चौकोन आखला.

माझी बायको चारुशीला भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आकडे त्यांनाच का नाही विचारत? त्यांना म्हणावं, एकदा मोठ्याने म्हणा, आपण बोटांवर मोजू."

"रेल्वेचं वेळापत्रक आहे," मी म्हणालो. "त्यात आणखी काय विचारायचं?"

"नाही, म्हटलं, गाडी जुनी, वेळापत्रक नवं."

मी वही मिटली. ही एकच गोष्ट ऐकली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. मी ऐकलं नाही, कारण चौकोन आखून झाला होता.

मार्चमधला रविवार होता, सकाळचे साडेदहा. कमिटीची सहा माणसं, अपूर्व आणि अभ्यासातून उठून आलेली दहा-बारा पोरं. नऊ नंबरची खिडकी महादेवरावांनी आदल्या दिवशी उतरवून ठेवली होती. चौकटीला नवा रंग दिला होता, तो अजून थोडा ओलसर होता. महादेवराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मिनलही आली होती, मागे उभी होती. मी वही घेऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मनात एकच भीती, सगळ्यांसमोर हे मोजणं विसरले तर त्यांची शोभा होईल. मला खरोखरच त्यांना सांभाळायचं होतं. हे मी सफाई म्हणून सांगत नाही, पण ते खरं आहे.

त्यांनी डाव्या नळीतली पट्टी हुकात धरली आणि मनगट फिरवलं. ओठ हलले. मी मोजत होतो. एक. दोन. तीन. चार.

"झालं," मी म्हणालो. "थांबा."

ते पट्टी तशीच धरून माझ्याकडे बघू लागले. "सावनेर नाई आलं अजून."

"आलं. चार म्हणजे सावनेर."

"मले तं आता पाटणसावंगीच लागलं साहेब."

आवाज हळू होता, पण पहिल्या रांगेला ऐकू गेलं. कोणी तरी घसा खाकरला. मी वही त्यांच्यापुढे धरली आणि बोट ठेवून दाखवलं. "महादेवराव, हे बघा. नऊ, सावनेर, चार. तुम्हीच सांगितलं, मी लिहिलं. इथे लिहिलेलं आहे."

त्यांनी वहीकडे पाहिलं. मग मिनलकडे पाहिलं. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं आणि मला वाटलं, बरं झालं, वेळेवर सावरलं. आज कळतं, तेव्हा त्यांच्या डोक्यात उरलेली शेवटची गोष्ट त्यांच्या हातून सुटत होती आणि ती मी ओढून घेत होतो.

"वहीत हाय तं असंन," ते म्हणाले. "माह्यंच डोस्कं."

उजव्या नळीलाही चारच वेढे दिले. पल्ला जोडला, वर केला. ते म्हणाले, "जड वाटून राहिला."

मी म्हणालो, "नवा रंग आहे, धरतोय."

रंग खरंच धरत होता, म्हणूनच पल्ला उभा राहिला. छातीएवढा वर. महादेवरावांनी शर्टाला हात पुसले. नेहमीसारखे दोन्ही पंजे खालच्या चौकटीवर सपाट ठेवले. पण या वेळी 'मोजा साहेब' म्हणाले नाहीत. नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने मोजायला लागलो.

त्र्याहत्तरला पल्ला पडला.

ते ओरडले नाहीत. मिनल ओरडली. अपूर्वने आणि मी पल्ला वर उचलला, तो चौकटीत तिरका अडकला होता, मला एकट्याला उचलेना. उजव्या हाताची तीन बोटं आणि डाव्याची दोन. महादेवराव बोटांकडे बघतच नव्हते, नऊ नंबरच्या खिडकीकडे बघत होते. रिक्षात बसवताना माझ्याकडे वळून म्हणाले, "सावनेर नव्हतं साहेब. मी तुमाले चुकीचं गाव सांगतलं. माफ करा."

आणि मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "होतं असं महादेवराव. वय झालं आता."

डाव्या हाताची बोटं बरी झाली. उजव्याची दोन कायमची वाकली. पण त्यांनी पाना परत हातात धरला नाही तो बोटांमुळे नाही. प्लास्टर निघाल्यावर मिनलने विचारलं होतं, बाबा, हलकी कामं करता का? त्यांनी हत्यारांची पेटी एका ओळखीच्या सुताराला देऊन टाकली. झोपायच्या आधी खिडक्या म्हणणंही सोडलं. महिन्याभरात प्रताप नगरच्या खोल्या रिकाम्या केल्या आणि मिनलने त्यांना बेसाला नेलं. वाचनालयात स्लायडिंग लागल्या. त्या अर्ध्याच उघडतात, कारण उरलेल्या अर्ध्यात दुसरी काच येते. जुने चौदाही पल्ले, नळ्यांसकट, कबाडीवाल्याच्या ठेल्यावर गेले. मी तेव्हा गेटपाशी उभा होतो. सहीला मला बोलावलं होतं.

मला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण ते दुसऱ्याच्या दुर्दैवाबद्दल वाटतं तसं वाटायचं. आजार वाईट, काय करणार, असं. वही मी कपाटात जपून ठेवली होती.

दिवाळीनंतर त्यांना भेटायला गेलो. बेसाला नव्या इमारती इतक्या भराभर उठल्या आहेत की मला मिनलची इमारत दोनदा विचारावी लागली. तिसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये खिडकीपाशी खुर्ची टाकून महादेवराव बसले होते. बारीक झाले होते. मला ओळखलं असं वाटलं, पण नाव घेतलं नाही. मिनलने चहा ठेवला. आम्ही थोडं बोललो, म्हणजे मी बोललो. मग ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर हलायला लागला. वाकलेली बोटं काही तरी धरल्यासारखी, आणि मनगट फिरत होतं. ओठही हलत होते, आणि या वेळी आवाज येत होता.

"कोराडी. खापरखेडा. टाकी. पाटणसावंगी. चंपतराव. सावनेर."

मी चहाचा कप खाली ठेवला. ते पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले. मी बोटांवर मोजलं. सहा.

"मिनल," मी विचारलं, "हे टाकी काय आहे? आणि चंपतराव कोण?"

ती हसली. त्या घरात त्या दिवशी तेवढंच हसू होतं. "बाबांची छोटी गाडी आहे ती काका. कोळशाचं इंजिन होतं, खापरखेड्याच्या पुढे पाण्याच्या टाकीवर थांबायचं. ते काही स्टेशन नव्हतं. आणि चंपतराव म्हणजे फाटकवाला. त्याच्या बायकोच्या हातचं ताक प्यायला ड्रायव्हर रोज फाटकावर गाडी उभी करायचा. कोणत्या टाइमटेबलात नसणार ते. आई सांगायची, लग्न झाल्यावर पहिल्यांदा त्या गाडीत बसली तेव्हा तिला वाटलं, चंपतराव हे गावाचंच नाव आहे."

मी उठलो. काय बोलून उठलो ते आठवत नाही. घरी येऊन कपाट उघडलं आणि वही काढली. नऊ, सावनेर, चार. आखलेला चौकोन. लाल शाईचं शीर्षक. दोन्ही अंगांना दोन-दोन वेढे कमी. त्यांनी गाव बरोबर सांगितलं होतं. सभेत, सगळ्यांसमोर, चौथ्या वेढ्याला त्यांना बरोबर पाटणसावंगी लागलं होतं. त्या दिवशी त्या हॉलमध्ये एकाच माणसाची स्मृती शाबूत होती, आणि मी त्याच्या तोंडासमोर वही धरून त्याला पटवलं होतं की ती गेली.

चारुशीलाला सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं ती म्हणाली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन पुन्हा बेसाला गेलो. आधी स्वयंपाकघरात मिनलला सांगितलं, उभ्या उभ्या, सगळं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "त्या दिवसापासून ते मला रोज म्हणायचे काका, मिनल, खिडक्याबी गेल्या वं, आता माह्यात काई नाई उरलं. मी म्हणायची, जाऊ द्या बाबा." तिने डोळे पुसले. "मलाही तेच वाटलं होतं. आता तुमच्यावर चिडून मी काय करू? त्यांना सांगा. ऐकले तर ऐकले."

मी महादेवरावांच्या समोर स्टूल ओढून बसलो. वही त्यांच्या मांडीवर उघडली आणि बोट ठेवलं. म्हटलं, "महादेवराव, हा आकडा चुकलाय. माझा चुकलाय. तुम्ही सावनेर सांगितलं ते बरोबर होतं. टाकी आणि चंपतराव मला माहीत नव्हते. तुम्ही विसरला नव्हता. ऐकताय ना? तुमच्या खिडक्या गेल्या नव्हत्या."

मी त्यांच्यासमोर चारवर काट मारली आणि सहा लिहिला. डोळ्यांतल्या पाण्यामुळे नीट दिसत नव्हतं, अक्षर वाईट आलं.

त्यांनी पानाकडे पाहिलं. काट मारलेल्या चारवर वाकलेलं बोट फिरवलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कणव आली. ते माझी समजूत घालू लागले.

"काहून रडून राहिले बाप्पा? तुमीबी इसरून राहिले काय? होते असं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "वहीत लिवून ठेवत जा. लिवलं का चुकत नाई."

मी आणखी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली, जशी लहान पोराच्या बोलण्याला डोलावतात. मग त्यांचं लक्ष गेलं. बाहेर कुठे तरी पाया खणत होते आणि धूळ आत येत होती. मिनल खिडकी लावायला आली.

तिने काचेला हात लावला मात्र, महादेवरावांनी दोन्ही हात झटकन खुर्चीच्या दांडीवरून उचलले आणि काखेत दाबून धरले. खांदे आखडले, मान खाली गेली. मिनल थांबली. मला म्हणाली, "रोज असंच करतात."

मी म्हणालो, "महादेवराव, ही वरून पडत नाही. ही आडवी सरकते."

त्यांनी हो म्हटलं. पण काच पुरती लागून कडी बसेपर्यंत त्यांनी हात बाहेर काढले नाहीत, आणि तोवर ते हळू आवाजात मोजत होते. आकड्यांत मोजत होते. चारला थांबले.